वर्गात शिकवायला मनाई झालेली आज्ञावली

माझ्या टेबलाच्या खणात एक सीडी आहे. तिच्यावर माझ्या पीएच.डी.च्या काळातली मोजमापे आहेत. सीडी शाबूत आहे. संगणकात घातली की फायलींची यादी दिसते, त्यांचा आकार दिसतो. पण निम्म्या फायली उघडत नाहीत. ज्या उपकरणाने ती मोजमापे घेतली, त्याच्या उत्पादकाने स्वतःची एक आज्ञावली दिली होती. ती चालण्यासाठी संगणकाच्या मागे एक छोटी प्लास्टिकची किल्ली लावावी लागे आणि ती चालायची फक्त त्या काळच्या ऑपरेटिंग सिस्टिमवर. पुढे उपकरण मोडीत निघाले, किल्ली हरवली आणि त्या फायली कोणत्या पद्धतीने लिहिल्या आहेत हे उत्पादकाने कधी सांगितलेच नव्हते. उरलेल्या निम्म्या फायली मी साध्या मजकुराच्या रूपात, आकड्यांच्या रांगा म्हणून साठवल्या होत्या. त्या आजही कोणत्याही संगणकावर उघडतात.

असा अनुभव अनेक शिक्षकांनाही आला असेल. युनिकोडचा वापर रूढ होण्यापूर्वी एखाद्या मराठी फॉन्टमध्ये टाइप केलेली प्रश्नपत्रिका आज उघडली, तर पडद्यावर रोमन अक्षरांचा आणि चिन्हांचा नुसता काला दिसतो. मेहनत आपली, मजकूर आपला, पण कुलूप दुसऱ्याचे.

त्या सीडीनंतर मी घरच्या संगणकावर लिनक्स वापरू लागले. पुढे कागदपत्रे आणि छायाचित्रे साठवण्याची सोयही घरातल्याच एका जुन्या लॅपटॉपवर केली. मला ही निवड करता आली, कारण ती आधी कोणीतरी उपलब्ध करून ठेवली होती. ती कशी उपलब्ध झाली हे शोधताना एक गोष्ट लक्षात आली. या इतिहासाच्या दोन महत्त्वाच्या वळणांवर दोन शिक्षक उभे आहेत आणि त्यांच्या मध्ये एक मनाई आहे.

उत्तर आणि रीत

आज्ञावलीची दोन रूपे असतात. प्रोग्रामर जी लिहितो ती मूळ संहिता, म्हणजे सोर्स कोड. ती माणसाला वाचता येते. कंपायलर नावाची दुसरी आज्ञावली तिचे यंत्राला कळणाऱ्या आकड्यांत रूपांतर करते. संगणक चालवायला हे दुसरे रूप पुरते. पण त्यावरून मूळ संहिता परत मिळवणे फार अवघड असते.

गणिताच्या वहीशी तुलना करून पाहा. यंत्राचे रूप म्हणजे नुसते उत्तर आणि मूळ संहिता म्हणजे रीत. नुसते उत्तर दिले तर ते वापरता येते. पण चूक कुठे झाली हे शोधता येत नाही, दुरुस्त करता येत नाही आणि शिकता तर मुळीच येत नाही. शिक्षक रीतीला गुण देतात ते याच कारणासाठी.

संगणकाच्या पहिल्या दोन-तीन दशकांत रीत लपवण्याचा प्रघात फारसा नव्हता. संगणक महाग होते, विकले जायचे ते यंत्र, आणि आज्ञावली बहुधा त्यासोबत यायची.

टेलिफोन कंपनीवरचे बंधन

१९६९ साली अमेरिकेतील न्यू जर्सी राज्यात, बेल लॅबोरेटरीज या संस्थेत केन टॉम्प्सन यांनी पीडीपी-७ नावाच्या एका लहानशा, तेव्हाही जुन्या झालेल्या संगणकासाठी एक ऑपरेटिंग सिस्टिम लिहायला घेतली. डेनिस रिची त्यांच्यासोबत होते. ऑपरेटिंग सिस्टिम म्हणजे संगणकाचा कारभार पाहणारी आज्ञावली. कोणत्या कामाला किती स्मृती द्यायची, कोणाची पाळी आधी, फायली कुठे ठेवायच्या हे सगळे तीच ठरवते. या नव्या प्रणालीचे नाव युनिक्स. १९७३ साली तिचा बहुतेक भाग रिची यांनी तयार केलेल्या 'सी' भाषेत पुन्हा लिहिला गेला. त्यामुळे ती दुसऱ्या बनावटीच्या संगणकांवर नेणे शक्य झाले.

बेल लॅबोरेटरीज ही ए.टी. अँड टी. या टेलिफोन कंपनीची संशोधन संस्था. अमेरिकेतील टेलिफोनवर या कंपनीची जवळजवळ मक्तेदारी होती. सरकारने तिच्यावर खटला भरला आणि १९५६ साली तडजोड झाली. दूरसंचाराशिवाय दुसऱ्या धंद्यात उतरायचे नाही, ही त्यातली एक अट होती. म्हणजे कंपनीच्या हाती एक उत्तम ऑपरेटिंग सिस्टिम आली, पण ती बाजारात माल म्हणून विकता येईना. तिने मग विद्यापीठांना नाममात्र शुल्कात युनिक्स द्यायला सुरुवात केली. सोबत मूळ संहिताही दिली. मात्र काही बिघडले तर आमच्याकडे येऊ नका, असा तिचा पवित्रा होता.

मदत मिळणार नाही म्हटल्यावर विद्यापीठे एकमेकांना मदत करू लागली. कोणी चूक शोधली, कोणी दुरुस्ती पाठवली. कॅलिफोर्नियातील बर्कली विद्यापीठात विद्यार्थ्यांनी इतकी भर घातली, की १९७८ पासून तिथून सुधारित युनिक्सच्या स्वतंत्र टेपा बाहेर जाऊ लागल्या. एकाधिकाराला आवर घालण्यासाठी घातलेल्या अटीचे हे फळ होते. ते कोणाच्या मनातही नव्हते.

सिडनीतील वर्ग

ऑस्ट्रेलियातील न्यू साउथ वेल्स विद्यापीठात जॉन लायन्स नावाचे प्राध्यापक ऑपरेटिंग सिस्टिम हा विषय शिकवत. पाठ्यपुस्तकांत तत्त्वे असत, आकृत्या असत. पण चालणारी खरी प्रणाली विद्यार्थ्याला कधी दिसत नसे. युनिक्सच्या सहाव्या आवृत्तीचा गाभा दहा हजारांहून कमी ओळींचा होता. एवढा मजकूर विद्यार्थी एका सत्रात वाचू शकतो, असे लायन्स यांना वाटले. १९७६-७७ मध्ये त्यांनी दोन पुस्तिका तयार केल्या. एकीत युनिक्सच्या गाभ्याची मूळ संहिता, दुसरीत तिच्यावरचे भाष्य. आपल्याकडे सूत्रग्रंथ आणि त्यावरची टीका अशी जोडी असते, तसाच हा प्रकार.

पुस्तिका फार लोकप्रिय झाल्या. पण १९७९ साली युनिक्सची सातवी आवृत्ती आली तेव्हा कंपनीचा विचार बदलला होता. युनिक्सला बाजारात किंमत आहे हे एव्हाना तिला कळले होते. मूळ संहिता हे व्यापारी गुपित ठरले आणि नव्या परवान्यात एक अट आली: ही संहिता वर्गात शिकवायची नाही. विद्यापीठाने प्रणाली वापरावी, पण शिक्षकाने ती विद्यार्थ्यांपुढे उलगडून दाखवू नये.

लायन्स यांच्या पुस्तिका मग झेरॉक्सच्या प्रतींवरून, प्रतींच्या प्रतींवरून जगभर फिरत राहिल्या. अक्षरे पुसट झालेल्या प्रती जपून ठेवणारे प्रोग्रामर पुढे कितीतरी वर्षे भेटत. हे पुस्तक रीतसर छापले गेले ते १९९६ साली. दोनच वर्षांनी, १९९८ मध्ये, लायन्स वारले.

अडकलेला कागद

याच सुमारास, १९८० च्या आसपास, अमेरिकेतील एम.आय.टी.च्या कृत्रिम बुद्धिमत्ता प्रयोगशाळेत एक लेझर प्रिंटर आला. झेरॉक्स कंपनीने तो भेट दिला होता. त्यात वारंवार कागद अडकायचा, आणि प्रिंटर दुसऱ्या मजल्यावर असल्याने छपाई थांबल्याचे कोणाला कळायचे नाही. रिचर्ड स्टॉलमन हे तिथले प्रोग्रामर. आधीच्या प्रिंटरच्या आज्ञावलीत त्यांनी बदल करून ठेवला होता: कागद अडकला की वाट पाहणाऱ्यांच्या पडद्यावर सूचना जाई. नव्या प्रिंटरबरोबर मूळ संहिता आलीच नव्हती. कार्नेगी मेलन विद्यापीठातील एका संशोधकाकडे ती आहे असे कळले म्हणून स्टॉलमन यांनी ती मागितली. त्याने नकार दिला, कारण ती कोणालाही न देण्याच्या करारावर त्याने सही केली होती.

स्टॉलमन यांना हा नकार फार लागला. एका संशोधकाने दुसऱ्याला मदत न करण्याचे वचन आधीच कोणाला तरी देऊन ठेवावे, हे त्यांना पटेना. २७ सप्टेंबर १९८३ रोजी त्यांनी ग्नू प्रकल्पाची घोषणा केली. युनिक्ससारखीच, पण कोणालाही वाचता, बदलता आणि वाटता येईल अशी संपूर्ण प्रणाली नव्याने लिहिण्याचा हा संकल्प होता. जानेवारी १९८४ मध्ये त्यांनी नोकरी सोडली. १९८५ साली फ्री सॉफ्टवेअर फाउंडेशनची स्थापना झाली.

इंग्रजीतल्या 'फ्री' या शब्दाने तेव्हापासून बराच गोंधळ घातला आहे. मराठीत ती अडचण नाही. आपल्याकडे 'मुक्त' आणि 'फुकट' असे दोन वेगळे शब्द आहेत. स्टॉलमन यांना अभिप्रेत होते ते मुक्त सॉफ्टवेअर. सुरुवातीला ते स्वतः आपल्या 'ईमॅक्स' या आज्ञावलीच्या टेपा १५० डॉलरला विकत असत. टेप विकत घेणाऱ्याला ती बदलण्याचा आणि दुसऱ्याला देण्याचा पूर्ण अधिकार मिळे.

१९८९ साली त्यांनी 'जनरल पब्लिक लायसन्स' हा परवाना तयार केला. त्यातली मेख अशी: ही आज्ञावली कोणीही वापरावी, वाचावी, बदलावी, वाटावी; मात्र बदललेली आवृत्ती दुसऱ्याला देताना त्यालाही हेच सगळे अधिकार आणि मूळ संहिता द्यावी. कॉपीराइटचा कायदा एरवी प्रत करण्यापासून लोकांना रोखतो. इथे त्याच कायद्याच्या आधारे प्रत करण्याचा अधिकार राखला गेला.

आम्सटरडॅम आणि हेलसिंकी

आता दुसरा शिक्षक. आम्सटरडॅमच्या फ्रेये विद्यापीठात अँड्र्यू टॅनेनबॉम ऑपरेटिंग सिस्टिम शिकवत. सातव्या आवृत्तीच्या परवान्याने त्यांच्यापुढे पेच उभा केला. युनिक्स शिकवता येत नाही आणि नुसत्या तत्त्वांनी समाधान होत नाही. त्यांनी मग युनिक्ससारखी वागणारी, पण तिची एकही ओळ न उचललेली एक छोटी प्रणाली स्वतः लिहिली. नाव मिनिक्स. १९८७ साली तिच्या मूळ संहितेसह त्यांचे पाठ्यपुस्तक प्रसिद्ध झाले. घरच्या साध्या संगणकावर चालणारी, वाचता येणारी ऑपरेटिंग सिस्टिम विद्यार्थ्यांच्या हाती आली.

फिनलंडमध्ये हेलसिंकी विद्यापीठात लिनस टोरवाल्ड्स नावाचा विद्यार्थी होता. १९९० च्या उन्हाळ्यात त्याने या पुस्तकाची पारायणे केली. जानेवारी १९९१ मध्ये हप्त्यांवर नवा संगणक घेतला आणि त्यावर मिनिक्स बसवले. घरून विद्यापीठाच्या संगणकाशी जोडून घेण्यासाठी त्याने एक छोटी आज्ञावली लिहिली. तिला फायली वाचता याव्यात म्हणून थोडी भर घातली, मग आणखी थोडी. पाहता पाहता ती एका ऑपरेटिंग सिस्टिमचा गाभा होऊन बसली.

२५ ऑगस्ट १९९१ रोजी त्याने मिनिक्स वापरणाऱ्यांना कळवले, की आपण एक प्रणाली लिहीत आहोत. हा केवळ छंद आहे आणि ग्नूसारखे मोठे काही यातून होणार नाही. सप्टेंबरमध्ये पहिली आवृत्ती बाहेर आली. ती साधारण दहा हजार ओळींची होती, म्हणजे लायन्स यांनी वर्गात वाचायला दिलेल्या संहितेएवढीच. जानेवारी १९९२ मध्ये टॅनेनबॉम यांनी जाहीरपणे लिहिले, की लिनक्सची रचनाच कालबाह्य आहे. विद्यार्थ्यानेही तितक्याच जोरात उत्तर दिले. रचनेचा तो वाद आजही पूर्ण मिटलेला नाही.

तरी लिनक्स पुढे गेले आणि मिनिक्स मागे राहिले. याचे एक मोठे कारण परवान्यात सापडते. मिनिक्स वाचायला खुले होते, पण त्याच्या वाटपाचे हक्क पुस्तकाच्या प्रकाशकाकडे होते. शिवाय विषय शिकवता येईल इतकेच ते लहान राहावे, अशी टॅनेनबॉम यांची इच्छा होती. त्यामुळे लोकांनी केलेल्या सुधारणा मुख्य प्रवाहात येत नसत. टोरवाल्ड्स यांनी मात्र १९९२ च्या सुरुवातीस लिनक्सला स्टॉलमन यांचा परवाना लावला. ग्नूकडे बाकी सगळे तयार होते, फक्त गाभा नव्हता. लिनक्सकडे गाभा होता, बाकीचे नव्हते. दोन्हींची सांगड बसली. मिनिक्स २००० साली पूर्ण खुले झाले, पण तोपर्यंत लोक पुढे निघून गेले होते.

वापरणाऱ्याच्या हातात

गाभा, कंपायलर, संपादक असे सुटे भाग जमवून संगणक चालता करणे हे सर्वसामान्य माणसाचे काम नव्हे. म्हणून १९९२ पासून 'डिस्ट्रिब्युशन' निघू लागली. सगळे भाग जुळवून, तपासून, एकत्र बांधलेला हा संच. ऑगस्ट १९९३ मध्ये सुरू झालेले 'डेबियन' आजही स्वयंसेवक चालवतात. २००४ साली आलेले 'उबुंटू' डेबियनवरच आधारलेले आहे. सुरुवातीची काही वर्षे त्याची सीडी मागणी केल्यास जगभर टपालाने विनामूल्य येत असे. भारतात इंटरनेट मंद आणि महाग असतानाच्या काळात त्या पाकिटाचे मोल किती होते, ते ज्यांनी वाट पाहिली त्यांना ठाऊक आहे. केरळच्या सरकारी शाळांनी त्याच दशकात मुक्त सॉफ्टवेअर स्वीकारले आणि ते तिथल्या संगणक शिक्षणाचा पाया झाले.

आज जगातील सर्वांत वेगवान ५०० संगणकांची जी यादी निघते, तिच्यातले सर्वच्या सर्व संगणक नोव्हेंबर २०१७ पासून लिनक्सवर चालतात. अँड्रॉइड फोनचा गाभाही लिनक्सच आहे.

टेबलावरचा सर्व्हर

संगणक आपला झाला, तरी आपले कागद कुठे असतात? बहुतेकांचे पत्रव्यवहार, छायाचित्रे, नोंदी आज दूरच्या कंपन्यांच्या संगणकांवर आहेत. पण वेबची सुरुवात अशी नव्हती. जिनिव्हाजवळच्या सर्न या संशोधन केंद्रात टिम बर्नर्स-ली यांनी १९९० च्या अखेरीस जगातला पहिला वेब सर्व्हर चालू केला, तो त्यांच्या स्वतःच्या कामाच्या संगणकावर. तो कोणी चुकून बंद करू नये म्हणून त्यावर हाताने लिहिलेली चिठ्ठी चिकटवली होती. ३० एप्रिल १९९३ रोजी सर्नने वेबची आज्ञावली सर्वांसाठी खुली केली. १९९५ साली आलेला 'अपाची' हा सर्व्हरही खुलाच होता. ज्याच्याकडे संगणक आणि जोडणी आहे, त्याने स्वतःचे पान स्वतः ठेवावे, अशी ती व्यवस्था होती.

पुढे मोठ्या कंपन्यांनी जागा आणि सेवा विनामूल्य देऊ केल्या आणि लोक तिकडे वळले. त्यात सोय खरोखरच होती. पण दुसऱ्याच्या वाड्यात बिऱ्हाड केले की मालकाच्या मर्जीचा प्रश्न येतोच. लक्षावधी लोकांनी हौसेने पाने उभारलेले 'जिओसिटीज' ऑक्टोबर २००९ मध्ये बंद झाले. 'गूगल रीडर' १ जुलै २०१३ रोजी बंद झाले. दोन्ही वेळा वापरणाऱ्यांच्या हाती काहीच नव्हते, कारण मूळ संहिता त्यांच्याकडे नव्हती.

याउलट उदाहरण 'ओनक्लाउड'चे. आपल्या फायली आपल्याच संगणकावर ठेवून त्या कुठूनही पाहता याव्यात, यासाठी फ्रँक कार्लिचेक यांनी २०१० साली ते सुरू केले. पुढे त्यांचे आणि कंपनीचे जमेना. २०१६ मध्ये ते बाहेर पडले आणि त्याच खुल्या संहितेवरून त्यांनी 'नेक्स्टक्लाउड' उभे केले. वापरणाऱ्यांना दोन वाटा मिळाल्या. कोणाच्या फायली बुडाल्या नाहीत.

जबाबदारीचा हिशेब

मुक्त म्हणजे आपोआप सुरक्षित, असे मात्र समजू नये. लिनक्सच्या बहुतेक संचांत असलेल्या 'एक्सझेड' या छोट्या आज्ञावलीत एका व्यक्तीने टोपणनावाने दोन वर्षांहून अधिक काळ काम करून विश्वास मिळवला आणि चोरवाट ठेवली. मार्च २०२४ मध्ये अँड्रेस फ्रॉइंड या अभियंत्याच्या लक्षात आले, की दूरच्या संगणकात प्रवेश करायला सुमारे अर्धा सेकंद जास्त लागतो आहे. त्याने कारण शोधले आणि चोरवाट जगभर पसरण्याआधी उघड झाली. संहिता उघडी असल्याने तो मुळापर्यंत जाऊ शकला, हे खरे. पण त्याआधी ती सर्वांसमोर असूनही कोणाच्या नजरेला आली नव्हती, हेही तितकेच खरे.

घरचा सर्व्हर चालवताना मीही एक धडा शिकले. सुरुवातीला मी त्यासाठी 'रास्पबेरी पाय' हा तळहाताएवढा संगणक वापरत होते. एका पावसाळ्यात वीज सारखी ये-जा करत होती, त्यात त्याचे मेमरी कार्ड बिघडले. माझी शेवटची राखीव प्रत तीन आठवड्यांपूर्वीची होती. तीन आठवड्यांच्या नोंदी गेल्या. दोष कोणाला देणार? कारभारी मीच होते. त्यानंतर मी जुना लॅपटॉप लावला, कारण त्याची बॅटरी वीज गेली तरी तो चालू ठेवते. आता रोज रात्री एक प्रत वेगळ्या डिस्कवर जाते आणि दर महिन्याला एक प्रत दुसऱ्या घरी. शिवाय घरगुती इंटरनेट जोडणीला बहुधा कायमचा सार्वजनिक पत्ता नसतो, सुरक्षेच्या सुधारणा वेळेवर बसवाव्या लागतात. ज्यांना एवढा वेळ नाही त्यांनी सर्व्हरच्या वाटेला जाऊ नये, यात कमीपणा काही नाही. नुसते लिनक्स वापरणे आणि आपल्या फायली खुल्या स्वरूपात ठेवणे यानेही बरेच साधते.

शाळेत करून पाहण्याजोगा एक प्रयोग सुचवते. लिनक्सचे बहुतेक संच यूएसबी ड्राइव्हवरून थेट चालतात; संगणकातल्या मूळ डिस्कला हात लावावा लागत नाही. शाळेतल्या एखाद्या जुन्या संगणकावर तो विद्यार्थ्यांना चालवून दाखवा. मग शाळेच्या जुन्या फायलींची यादी करायला सांगा: कोणत्या फायली आज उघडतात, कोणत्या नाही, आणि का? माझ्या सीडीवरच्या निम्म्या फायलींसारख्या काही नक्की सापडतील. त्या निमित्ताने लायन्स आणि टॅनेनबॉम या दोन शिक्षकांची गोष्टही सांगता येईल. ज्या अटीमुळे एकाचे भाष्य चोरून वाचावे लागले, तिच्याचमुळे दुसऱ्याने नवे पुस्तक लिहिले, आणि ते पुस्तक वाचून एका विद्यार्थ्याने जे लिहिले तेच तुम्ही वर्गात दाखवत असाल. ते वर्गात उलगडून दाखवायला आता कोणाची परवानगी लागत नाही.